बंबावरच्या माणसाचा पगार कायद्यात कसा लिहायचा

नगरपालिकेच्या आस्थापना शाखेत माझी बत्तीस वर्षं गेली. काम एकच, वेतननिश्चिती. पाचवा आयोग, सहावा, सातवा. दर वेळी सेवापुस्तकं काढायची, जुनं मूळ वेतन उतरवायचं, गुणायचं, नव्या टप्प्यावर न्यायचं. निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने मुलीकडे असतो, कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोजवळ. शेजारचा मुलगा कॅल फायरमध्ये, म्हणजे राज्याच्या वन आणि अग्निसंरक्षण खात्यात, इंजिनिअर आहे. नावाने दचकू नका. बंब चालवायचा आणि पंप सांभाळायचा, म्हणजे आपला यंत्रचालक. मी पगारपत्रकांत मुरलेला माणूस आहे हे मुलीने त्याला सांगितलं असावं. एका संध्याकाळी त्याने स्वतःचं पत्रक आणून आमच्या ओट्यावर पसरलं.

मूळ पगाराच्या खाली एक ओळ होती, 'एक्स्टेंडेड ड्यूटी वीक कॉम्पेन्सेशन'. हा ओव्हरटाइमच, पण आग लागली म्हणून मिळालेला नव्हे. दर महिन्याला न चुकता येणारा, ड्यूटीच्या तक्त्यातच शिवलेला. त्या एका ओळीचा उलगडा करता करता मी २०२३ च्या 'एबी १२५४' या विधेयकापर्यंत पोचलो. एबी म्हणजे असेंब्ली बिल, खालच्या सभागृहात मांडलेलं विधेयक. राज्याच्या नोकरीतल्या अग्निशामकांना इतर दलांच्या जवळपास जाईल असा पगार कायद्यानेच द्यायचा, असं ते विधेयक. रिपनचे रिपब्लिकन सदस्य हीथ फ्लोरा यांनी मांडलं, दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं आणि राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवलं. २०२५ मध्ये फ्लोरांनी तोच विषय 'एबी १३०९' या क्रमांकाने पुन्हा आणला.

असा कायदा लिहायला बसलं तर काय काय पाहावं लागतं, ते पुढे टप्प्याटप्प्याने दिलं आहे. कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांना याचा थेट उपयोग आहे, कारण आपल्या आमदाराला पत्र लिहायचं तर नेमकं काय मागायचं हे कळायला हवं. गोव्यातही अग्निशमन हे राज्य सरकारचं संचालनालय आहे, तिथल्या कर्मचारी संघटनांनाही मोजणीची ही रीत उसनी घेता येईल.

पहिला टप्पा: क्रियापद शोधा

विधेयक हातात आलं की लोक आधी आकडे पाहतात. मी आधी क्रियापद पाहतो.

कॅलिफोर्नियाच्या शासकीय संहितेत दोन कलमं जवळजवळ आहेत. कलम १९८२७ हे हायवे पेट्रोलच्या पोलिसांसाठी. त्याचा अर्थ असा की लॉस एंजलिस पोलीस, लॉस एंजलिस काउंटी शेरीफ, सॅन डिएगो पोलीस, ओकलंड पोलीस आणि सॅन फ्रान्सिस्को पोलीस या पाच दलांत त्या त्या हुद्द्याला सरासरी जो एकूण मोबदला मिळतो, तो राज्य त्यांना 'देईल'. कलम १९८२७.३ हे कॅल फायरच्या अग्निशामकांसाठी. पंच्याहत्तर किंवा त्याहून जास्त पूर्णवेळ अग्निशामक असलेल्या इतर दलांचा पगार आणि लाभ राज्य 'विचारात घेईल'.

देईल आणि विचारात घेईल. सगळं भांडण या दोन शब्दांमधल्या जागेत आहे. विचारात घेण्यासाठी एक टिपण पुरतं. 'तुलनात्मक वेतन विचारात घेतले' असं लिहून फाईल पुढे सरकवली की कायदा पाळला गेला. माझ्या नोकरीत अशी टिपणं मी स्वतः लिहिली आहेत, त्यामुळे त्यांची किंमत मला ठाऊक आहे.

म्हणून पहिलं काम हे: आजच्या कायद्यात आपल्या गटासाठी कोणतं क्रियापद आहे ते काढा आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. नव्या कलमात ते बदलत नसेल तर बाकीचा खटाटोप वाया आहे. आणि बदलत असेल तर विरोध त्याच शब्दाला होणार, हेही धरून चाला.

दुसरा टप्पा: रक्कम लिहू नका, मोजपट्टी लिहा

कायद्यात 'अमुक डॉलर' असं लिहिण्याचा मोह होतो, कारण ते लोकांना समजतं आणि लवकर मंजूर होतं. याचं ताजं उदाहरण कॅलिफोर्नियातल्याच कैदी अग्निशामकांचं. तुरुंग खात्याच्या छावण्यांतले हे लोक कुऱ्हाडी-फावडी घेऊन डोंगरात जाळपट्टे काढतात, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून झाडझाडोरा तोडून माती उघडी करतात. त्यांचा रोज होता ५.८० ते १०.२४ डॉलर. तासाचा नव्हे, दिवसाचा. आगीवर असताना वर तासाला एक डॉलर. २०२५ मध्ये 'एबी २४७' मंजूर झालं, त्यावर राज्यपालांची सही झाली आणि प्रत्यक्ष आगीवर असतानाच्या कामाला तासाला ७.२५ डॉलर लागू झाले. हा अमेरिकेचा संघीय किमान दर.

वाढ मोठी आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण हा ७.२५ चा संघीय दर २००९ पासून हललेला नाही. आकडा कायद्यात बसला की तो बसूनच राहतो. महागाई वाढते आणि आकड्याला ते कळत नाही. तो हलवायला प्रत्येक वेळी नवं विधेयक, नवा आमदार, नवं भांडण. मोजपट्टी लिहिली तर ती दर वर्षी आपोआप सरकते. हायवे पेट्रोलचं सूत्र १९७४ पासून टिकून आहे ते यामुळेच.

तिसरा टप्पा: तुलना कोणाशी, याची यादी करा

एबी १२५४ ने वीस दलं घेतली होती. वीस ही संख्या चांगली. पाचच घेतली तर एखाद्या श्रीमंत शहराचा नवा करार सगळ्या राज्याचा पगार वर खेचतो. शंभर घेतली तर दर वर्षी माहिती गोळा करणाऱ्याचा जीव जातो. यादी करताना मी तीन गोष्टी तपासेन.

कॅल फायरचीच माणसं जिथे काम करतात ती दलं यादीत नकोत. रिव्हरसाइड काउंटीचं (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) अग्निशमन कॅल फायर कंत्राटाने चालवतं. दारावर काउंटीचं नाव, आतला माणूस राज्याचा. अशा दलाशी तुलना करणं म्हणजे आरशासमोर उभं राहून उंची मोजणं. या काउंट्यांचं आणखी एक आहे. राज्याने पगार वाढवला की कंत्राटाचं बिल वाढतं आणि ते काउंटीला भरावं लागतं. त्यामुळे ज्यांना रोज कॅल फायरचे जवान वाचवतात त्याच काउंट्या विधेयकाच्या सुनावणीत कुरकुर करताना दिसू शकतात. त्यांना आधी भेटा, वाढ टप्प्याटप्प्याने कशी येईल ते दाखवा.

दुसरं, सरासरी साधी की भारित? हे न लिहिलेलं विधेयक मी हातातही धरणार नाही. समजा तीनच दलं आहेत. पहिल्यात ३,००० माणसं, महिन्याला १०,००० डॉलर. दुसऱ्यात १०० माणसं, ८,०००. तिसऱ्यात १००, ७,५००. तिन्ही पगारांची साधी सरासरी ८,५००. माणसांच्या संख्येने भारित केली तर ९,८५९. दलं तीच, पगार तेच, फरक महिन्याला तेराशेहून जास्त. संघटनेला दुसरी सरासरी आवडेल, खजिन्याला पहिली. कोणतीही घ्या, पण लिहा. लिहिली नाही तर पुढे न्यायाधीश ठरवेल.

तिसरं म्हणजे हुद्द्यांची जोडी. कॅल फायरमध्ये फायरफायटर एक हा हंगामी असतो, उन्हाळ्याच्या तोंडाला घेतात आणि पावसाला सोडतात. शहरी दलांत असा माणूसच नसतो. मग त्याची जोडी कोणाशी लावायची? फायरफायटर दोन, अपॅरेटस इंजिनिअर, कॅप्टन यांच्या जोड्या लागतात. सगळ्यात कमी पगाराचा हंगामी मुलगा मात्र जोडीविना राहतो आणि सूत्रातून गळतो. त्याच्यासाठी वेगळी ओळ हवी: 'ज्या हुद्द्याला समकक्ष नाही त्याचा मोबदला लगतच्या वरच्या हुद्द्याच्या इतक्या टक्के'. आमच्याकडे प्रत्येक वेतन आयोगानंतर वेतनत्रुटी समिती बसते ती अशाच गळलेल्या लोकांसाठी. दहा वर्षांनी समिती बसवण्यापेक्षा आज एक ओळ लिहिणं सोपं.

चौथा टप्पा: काय मोजायचं ते ठरवा

आता शेजाऱ्याच्या पत्रकावरच्या त्या ओळीकडे येतो. या लेखातला सगळ्यात किचकट आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

अमेरिकेच्या संघीय श्रमकायद्यात अग्निशामकांना वेगळं गणित आहे. २८ दिवसांत २१२ तासांपर्यंत साधा दर, त्यापुढे दीडपट. म्हणजे आठवड्याला ५३ तास साधे. कॅल फायरचा आठवडा वर्षानुवर्षं ७२ तासांचा होता. ७२ मधून ५३ वजा करा, १९ तास उरतात. हा ठरलेला ओव्हरटाइम, पत्रकावरची ती ओळ. २०२२ च्या करारात आठवडा ६६ तासांवर आणायचं ठरलं आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते लागू झालं. आता ठरलेला ओव्हरटाइम १३ तास. शहरी दलांत बहुतेक ठिकाणी आठवडा ५६ तासांचा.

आता समजा दोन कॅप्टन आहेत, एक कॅल फायरचा, एक शहराचा. सगळं धरून दोघांना महिन्याला ७,००० डॉलर, वर्षाला ८४,०००. महिन्याच्या आकड्यावर पाहिलं तर दोघं बरोबरीचे, अन्याय काहीच नाही. आता तास मांडा. शहरवाला वर्षाला २,९१२ तास ड्यूटीवर, त्याला तासाला २८.८५ पडतात. कॅल फायरवाला जुन्या ७२ तासांच्या आठवड्यात ३,७४४ तास, त्याला २२.४४. नव्या ६६ तासांत ३,४३२, त्याला २४.४८. महिन्याचा पगार सारखा असूनही नव्या आठवड्यातसुद्धा तासाला चार-साडेचार डॉलरचा खड्डा. ओव्हरटाइमचे दीडपट दर धरूनही.

'सरासरी पगाराच्या इतक्या टक्के' एवढंच लिहिलं तर हा खड्डा कधीच दिसणार नाही. माझं मत स्पष्ट आहे: मोजपट्टी ताशी हवी. ड्यूटीचे एकूण ठरलेले तास खाली, एकूण मोबदला वर. आगीच्या हंगामातला अचानक आलेला ओव्हरटाइम दोन्हीकडून वगळा. तो घेतला तर मोठ्या आगीच्या वर्षी कॅल फायरवाला श्रीमंत दिसतो आणि पुढच्या वर्षी त्याची वाढ मारली जाते. म्हणजे त्याने जास्त झोप गमावली म्हणून त्याचा पगार कमी.

वरच्या आकड्यात काय धरायचं? हायवे पेट्रोलच्या कलमात यादीच आहे: मूळ वेतन, शिक्षणाचा भत्ता, शारीरिक क्षमतेचा भत्ता, दीर्घ सेवेचा भत्ता, आणि कर्मचाऱ्याच्या वतीने मालकाने भरलेली निवृत्तीची रक्कम. ही यादी उचला आणि त्यात आरोग्यविम्याचा हप्ता घाला. निवृत्तीवेतन वगळू नका, कारण समोरची बाजू पहिला आक्षेप हाच घेणार: 'पगार कमी असेल, पण पेन्शन पाहा'. १ जानेवारी २०१३ पासून लागलेल्यांना नव्या निवृत्ती कायद्याने सूत्र आधीच्यापेक्षा हात आखडून मिळतं. म्हणजे तेच काम करणारे दोन जवान, एक २०१२ चा आणि एक २०१४ चा, यांचा एकूण मोबदला वेगळा. आपल्याकडच्या जुनी पेन्शन विरुद्ध नवी पेन्शनच्या वादाची ही सख्खी बहीण. सरासरी काढताना दोन्ही गट वेगळे दाखवा.

आकडे कुठून आणायचे? बेल या छोट्या शहरातल्या अधिकाऱ्यांचे डोळे दिपवणारे पगार २०१० मध्ये उघडकीला आले, तेव्हापासून राज्याचे कंट्रोलर, म्हणजे मुख्य हिशेब अधिकारी, शहरं, काउंट्या, विशेष जिल्हे या सगळ्यांचे पगार हुद्द्यानिशी संकेतस्थळावर टाकतात. पहिल्या अंदाजाला ते उत्तम. पण त्यात प्रत्यक्ष मिळालेली रक्कम असते, ओव्हरटाइमसकट. पक्क्या तुलनेसाठी प्रत्येक शहराचा करार उघडा आणि त्यातल्या वेतनतक्त्याचा कमाल टप्पा घ्या. सगळीकडे कमाल, किंवा सगळीकडे पाचव्या वर्षाचा. एकीकडे कमाल आणि दुसरीकडे सुरुवातीचा घेतला की सुनावणीत कोणीतरी ते दाखवतंच, आणि मग तुमचे खरे आकडेही खोटे ठरतात.

पाचवा टप्पा: 'पंधरा टक्क्यांच्या आत' म्हणजे किती?

एबी १२५४ मध्ये राज्याचा पगार वीस दलांच्या सरासरीच्या पंधरा टक्क्यांच्या आत आणायचा होता. वाचायला सोपं. पण टक्के कोणाचे?

सरासरी १०,००० धरा. सरासरीचे १५ टक्के वजा केले तर किमान पगार ८,५००. पण दुसरा म्हणेल, आमच्या पगारात १५ टक्के मिळवले की सरासरी गाठली जावी. मग किमान ८,६९६. दोन्ही वाचनं सरळ आहेत. फरक महिन्याला १९६ डॉलर, आणि एक हजार माणसांमागे वर्षाला सुमारे साडेतेवीस लाख डॉलर. कॅल फायरच्या सौदा गटात, म्हणजे ज्यांच्या पगाराची बोलणी एकत्र होतात त्या गट ८ मध्ये, माणसं कित्येक हजार आहेत. म्हणून 'आत' हा शब्द टाळा आणि 'किमान ८५ टक्के' असं लिहा.

इतक्या टप्प्यांनंतर मुख्य कलम मी असं मांडेन:

'राज्य, सौदा गट ८ मधील अग्निशामकांच्या प्रत्येक हुद्द्याला, परिशिष्टात दिलेल्या दलांतील समकक्ष हुद्द्याच्या सरासरी ताशी एकूण मोबदल्याच्या किमान ८५ टक्के ताशी एकूण मोबदला देईल. सरासरी म्हणजे माणसांच्या संख्येने भारित सरासरी. तास म्हणजे तक्त्याने ठरलेले ड्यूटीचे तास. समकक्ष हुद्दा नसल्यास लगतच्या वरच्या हुद्द्याच्या मोबदल्यावरून परिशिष्टातील टक्क्यांनुसार.'

सहावा टप्पा: मोजणार कोण, कधी, आणि भांडण झालं तर?

हायवे पेट्रोलच्या कलमाने हे नीट सोडवलं आहे. राज्य आणि कर्मचाऱ्यांची मान्यताप्राप्त संघटना दर वर्षी मिळून पाहणी करतात आणि १ जुलैची स्थिती धरतात. 'मिळून' हा शब्द सोन्याचा. एकट्या खात्याने केलेली पाहणी संघटना मानत नाही, संघटनेची खातं मानत नाही. तारीखही हवीच, नाहीतर एक बाजू मे महिन्यातला करार धरते आणि दुसरी ऑगस्टमधला.

पण दोघांचं जमलं नाही तर पुढे काय, हे बहुतेक मसुद्यांत मोकळं सोडलेलं असतं. साठ दिवसांत आकडा ठरला नाही तर तो राज्याच्या लेखापरीक्षकाने ठरवावा, अशी ओळ मी घालेन. लवादाला देण्याची टूम जोरात आहे, पण तिचं काय होऊ शकतं ते पुढे येतंच.

सातवा टप्पा: सौद्याच्या टेबलाशी जुळवून घ्या

एबी १२५४ वरच्या नकाराधिकाराची कारणं दोन होती. एक खर्चाचं, दुसरं म्हणजे विधेयक सामूहिक सौद्याला वळसा घालतं. दुसरं कारण बहाणा म्हणून झटकून टाकणारे बरेच भेटले. मला ते निम्मं तरी खरं वाटतं.

कॅलिफोर्नियात राज्य कर्मचाऱ्यांच्या पगाराचा सौदा १९७७ च्या डिल्स कायद्याने चालतो. एका बाजूला राज्यपालांच्या वतीने मनुष्यबळ खातं, कॅलएचआर. दुसऱ्या बाजूला संघटना, इथे कॅल फायर लोकल २८८१. पगार, तास, विमा, पेन्शन सगळं एकाच टेबलावर येतं. एका बाजूने पगार घट्ट धरला की दुसरीकडे तास सैल करता येतात. ७२ चा आठवडा ६६ वर आला तो असाच, टेबलावर. पगार आधीच कायद्याने बांधून टाकला तर राज्याच्या हातात बदल्यात द्यायला काही उरत नाही आणि टेबल एका पायावर लंगडतं.

मग हायवे पेट्रोलला कसं चाललं? ते सूत्र १९७४ चं, सौद्याचा कायदा १९७७ चा. दाराला कडी बसायच्या आधी ते घरात येऊन बसलेले. अग्निशामक कडी लागल्यावर आले. हे अन्यायाचं आहे, पण यातून वाटही दिसते. हायवे पेट्रोलच्या कलमातच असं आहे की सूत्राने निघालेली वाढ करारातूनच अमलात आणायची. म्हणजे कायदा पायरी ठरवतो आणि तिथवर कसं चढायचं ते टेबल ठरवतं: मूळ पगार किती, तास किती कमी, विमा किती. ताशी एकूण मोबदल्याची मोजपट्टी इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडते, कारण तास कमी केले तरी ती वर जाते. राज्याला पैसे द्यायचे नसतील तर त्याने वेळ द्यावा. अशा मसुद्यावर 'सौद्याला वळसा' हा आक्षेप घेणं पुष्कळ कठीण होतं.

आठवा टप्पा: वाईट वर्ष मसुद्यातच लिहून ठेवा

व्हॅलेहो हे सॅन फ्रान्सिस्कोजवळचं शहर मे २००८ मध्ये दिवाळखोरीत गेलं. त्याच्या सर्वसाधारण निधीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पोलीस आणि अग्निशमनावर जात होता. पगाराचा वाद बंधनकारक लवादाने सोडवायचा, अशी तरतूद शहराच्या सनदेतच होती; २०१० मध्ये मतदारांनी ती काढून टाकली. दिवाळखोरीचं खापर एकट्या अग्निशामकांवर फोडणं चूक आहे, घरांच्या बाजाराने तेव्हा शहराचं उत्पन्नच गिळलं होतं. पण पगाराचं सूत्र मोडणार तर ते अशाच वर्षी मोडतं, आणि मोडलं की पुरतं जातं. वाकायला जागा ठेवलेलं सूत्र वाचतं.

म्हणून: पहिली वाढ एकदम नको. पहिल्या वर्षी ७५ टक्के, मग ८०, मग ८५. राज्याने आर्थिक आणीबाणी जाहीर केली तर त्या वर्षीची वाढ पुढे ढकलता यावी, रद्द करता येऊ नये, आणि ढकललेली किती हे दर वर्षी छापलं जावं. थकबाकी हा शब्द कायद्यात आला की पुढचा अर्थमंत्री ती विसरू शकत नाही. सरासरीच खाली आली तर पगार कापायचा का? नाही, तो गोठवायचा आणि सरासरी पुन्हा वर येईपर्यंत थांबायचं. शिवाय वरच्या, सौद्याबाहेरच्या अधिकाऱ्यांचा विचार करा. खालच्यांची वाढ झाली आणि वरच्यांची नाही, तर बढती घेणारा तोट्यात जातो आणि चांगले कॅप्टन बढतीच नाकारतात. माझ्या नोकरीत एका साहेबांनी याच कारणासाठी दोनदा बढती नाकारली. दोन्ही वेळा त्यांचं पत्र मीच टाइप केलं.

नववा टप्पा: विधेयकाच्या मागे चाला

मसुदा तयार झाला की आमदार हवा. विधेयकाची भाषा आमदार लिहीत नाही, लेजिस्लेटिव्ह काउन्सेलचं, म्हणजे विधिमंडळाच्या कायदेसल्लागाराचं, कार्यालय लिहितं. तिथे मागणी जानेवारीत जावी लागते, कारण मांडण्याची मुदत फेब्रुवारीत संपते. मांडल्यावर तीस दिवस विधेयक छापील पडून राहतं, मग समिती. असेंब्लीत सार्वजनिक नोकरी आणि निवृत्ती समिती, पुढे खर्चाची, म्हणजे ॲप्रोप्रिएशन्स समिती.

खरी परीक्षा ॲप्रोप्रिएशन्समध्ये. जास्त खर्चाची विधेयकं तिथे 'सस्पेन्स फाईल'मध्ये जातात आणि एका दिवशी शेकड्यांनी निकालात निघतात, बहुतेकदा चर्चेविना. तुमचं तिथे मेलं तर कारणही कळत नाही. म्हणून खर्चाचा अंदाज समितीच्या आधी तुम्ही काढा, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा वेगळा. कर्मचारी करारांवर लेजिस्लेटिव्ह ॲनालिस्ट्स ऑफिस, म्हणजे विधिमंडळाचं खर्च तपासणारं कार्यालय, जे विश्लेषण काढतं ते वाचा. समितीचे सचिव तेच वाचून बसलेले असतात.

साध्या नागरिकाने काय करायचं? विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून समितीला पत्र टाकता येतं, सुनावणीच्या साधारण आठवडाभर आधी. पत्रात आगीच्या ज्वाळांचं वर्णन नको. २०१८ मध्ये पॅराडाइज गाव जळालं, ८५ माणसं गेली, हे प्रत्येक सदस्याला पाठ आहे. त्यांना नसतं ते म्हणजे तुमच्या भागातलं ठाणं, तिथला तक्ता, ताशी दराची तुलना. तीन आकडे, एक पान. सुनावणीला गेलात तर मुख्य साक्षीदारांनंतर माइकसमोर फक्त नाव, गाव आणि 'पाठिंबा' एवढंच बोलायचं असतं. मुलीबरोबर मी एकदा गेलो होतो. आपल्याकडच्या सवयीने प्रास्ताविक करणारे एक गृहस्थ माझ्यासमोरच थांबवले गेले.

दोन्ही सभागृहांतून पार पडलं तरी राज्यपाल उरतातच. दोन तृतीयांश मतांनी नकाराधिकार उलथवता येतो, म्हणजे असेंब्लीत ५४ आणि सिनेटमध्ये २७, पण कॅलिफोर्नियात चार दशकांहून अधिक काळ कोणी ते केलेलं नाही. त्यामुळे राज्यपालांच्या कार्यालयाशी बोलणं शेवटी नको, पहिल्या समितीच्या आधी हवं.

आपल्याकडे ही रीत कुठे लागेल

महाराष्ट्रात अग्निशामक बहुतेक महापालिकांचे आणि नगरपालिकांचे नोकर. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा स्थानिक संस्थांच्या कामांत आहे. मुंबई अग्निशमन दलही महापालिकेचंच. आणि राज्य नोकरांच्या पगाराचे नियम कलम ३०९ खाली निघतात, त्यासाठी विधानसभेत मतदान होत नाही. सातव्या आयोगाने सगळ्यांना २.५७ ने गुणलं, कारकुनालाही आणि शिडीवर चढणाऱ्यालाही. गुणाकार सोपा म्हणून मलाही तो आवडायचा. पण त्यात काम कोणतं, हा प्रश्नच कुठे येत नाही. गोव्याच्या संघटनेने पुढच्या आयोगासमोर जाताना कायदा मागण्याआधी चौथ्या टप्प्यातला तक्ता तरी न्यावा: हुद्दा, ठरलेले तास, एकूण मोबदला, ताशी दर. अशा तक्त्याला 'विचारात घेतले' म्हणून बाजूला सारणं टिपण लिहिणाऱ्यालाही जड जातं.

शेजाऱ्याला मी एवढंच सांगून ठेवलंय की दर जुलैचं पगारपत्रक फायलीला लाव आणि त्या महिन्याचा ड्यूटीचा तक्ता त्याच्या मागे टाच.